कुशीवर

“दार लावा,” माई म्हणाली.

ठकू खाली पडली होती. चार वर्षांची पोर, अंग लाकडासारखं ताठ, डोळे वर चढलेले. आणि मग हातपाय झटक्याझटक्याने उडायला लागले. अशा वेळी त्या खोलीत पहिला शब्द निघाला तो हा. ठकूचं नाव कुणी घेतलं नाही, तिच्या आईला कुणी हाक मारली नाही. माईची मुलगी अक्का उष्ट्या कपांचा ट्रे धरून उभी होती. हे शब्द तिने याच घरात आधीही ऐकले होते.

माईच्या पाळणाघराला पंचवीस वर्षं झाली म्हणून दुपारचं जेवण होतं. तळमजल्यावरच्या दोन्ही खोल्या सकाळपासून माणसांनी गजबजल्या होत्या. इथे रांगून मोठे झालेले बाप्ये गुडघे हनुवटीला लावून छोट्या खुर्च्यांवर बसले, भिंतीवरच्या रंगवलेल्या हत्तीबरोबर फोटो काढून घेतले. हल्ली मुलं ठेवणारे आईबापही आले होते. आता शेवटची मंडळी फाटकाशी रेंगाळली होती आणि त्यांना निरोप द्यायला माईची सून, ठकूची आई, गेली होती. ती चष्म्याच्या दुकानात भिंगं बसवायची. घरात तिला चष्मेवालीच म्हणत, आधी पाठीमागे आणि मग तोंडावरही. अक्काचं तिच्याशी कधी फारसं पटलं नव्हतं. माहेरी आलं की दोघी चहा-साखरेपुरतं बोलायच्या.

“चमचा आणा. जीभ गिळेल पोर,” मामा म्हणाला.

माईचा हा धाकटा भाऊ उभा जन्म एका डॉक्टरांकडे कंपाउंडर होता. डॉक्टर वारले तेव्हापासून घरापुरता तोच डॉक्टर झाला होता. चमचा कुणी आणायच्या आत त्याने स्वतःच उचलला. मास्तर ठकूच्या पायांवर ओणवा झाला. हा अक्काचा भाऊ, ठकूचा बाप. लोकांना गाडी चालवायला शिकवायचा. शिकाऊ माणसाने भर चौकात गाडी बंद पाडली तरी याच्या कपाळावर आठी चढत नसे. आता त्याच्या हातांच्या शिरा तट्ट फुगल्या होत्या. माई खिडकी ओढून आली आणि ओंजळभर पाणी तिने ठकूच्या तोंडावर मारलं. मामाने जबडा उचकटला. स्टीलवर काहीतरी कट्‌कन वाजलं.

अक्काच्या लक्षात आलं की कुणी कुणाला काही विचारत नव्हतं. पाय कुणी धरायचे, पाणी कुणी मारायचं, सगळं आधी ठरल्यासारखं चाललं होतं.

दारावर थाप पडली.

“आतून कडी का लावलीय? काय झालं?”

माईने ओठांवर बोट ठेवलं. अक्काने ट्रे खाली टेकवला, सरळ गेली आणि कडी काढली.

चष्मेवाली आत आली ती थेट मुलीवर झेपावली. मामाचा हात तिने असा हिसडला की चमचा भिंतीपर्यंत घरंगळत गेला. ठकूच्या ओठांतून रक्ताची लाळ ओघळत होती, पुढच्या दाताचा कोपरा तुटला होता. झटके कमी होत गेले आणि मग पोर एकदम मऊ पडली, घोरल्यासारखा श्वास घ्यायला लागली. तिच्या आईने तिला उचलून एका अंगावर घेतलं, लाळ बाहेर वाहू दिली, फ्रॉकचं वरचं बटण काढलं.

“काय झालं हिला?”

“काही नाही गं. धावताना पडली, दात लागला ओठाला,” माई म्हणाली. किती सहज म्हणाली. मास्तर जमिनीकडे बघत होता.

“पडली नाही,” अक्का म्हणाली. “फिट आली होती तिला.”

माईने लेकीकडे असं पाहिलं की दुसरं कुणी असतं तर तिथेच गप्प झालं असतं. पण अक्का बसच्या आगारात गाड्या सोडायची, दिवसभर ड्रायव्हरांशी हुज्जत घालायची. डोळे वटारण्याचं तिला काही वाटेनासं झालं होतं.

“तू मध्ये बोलू नकोस. तुला यातलं काय कळतं?”

“मला दिसलं तेवढं कळलं.”

“अगं, एवढं घाबरायचं कारण नाही,” मामा मध्ये पडला, तिढा सोडवतोय अशा आवाजात. “मी आहे ना. मागच्या वेळी चमचा वेळेवर घातला तर दातसुद्धा हलला नाही. आज हिने डोकं फिरवलं म्हणून...”

तो बोलता बोलता थांबला, पण उशीर झाला होता.

“मागच्या वेळी?” चष्मेवालीने विचारलं.

फाटकाशी कुणाचं तरी हसणं ऐकू येत होतं.

“मागच्या वेळी म्हणजे कधी? माई, मी विचारतेय.”

“झालं होतं एकदोनदा. मुलांना होतं असं. ऊन लागतं, पोटात जंत असतात. तू कामावर होतीस. उगाच तुझ्या जिवाला घोर कशाला?”

चष्मेवालीने ठकूची बाही वर केली. दंडावर बोटांचे पिवळट पडलेले वळ होते. सगळ्यांना दिसतील असा तिने तो दंड धरला.

“हे मला घसरगुंडीवरून पडल्याचं सांगितलंत. जीभ चावली गेली होती, तेव्हा शिंप्याची मुलगी ढकलते म्हणालात. मी त्या शिंपीणबाईला भर रस्त्यात बोलले. तुमची पोर दुसऱ्यांच्या मुलांना मारते, तिला वळण लावा म्हणाले. ती रडली होती हो माझ्यासमोर. आणि तुम्ही इथे उभ्या राहून ऐकत होतात.”

“काय सांगायला हवं होतं मग?” माई म्हणाली.

चष्मेवाली नवऱ्याकडे वळली. लग्नाला सात वर्षं झाली होती, चारचौघांत ती त्याला अहो-जाहो करायची. आज तिने ते टाकून दिलं.

“तुला माहीत होतं?”

मास्तरने मान वर केली. “माई म्हणाली, दोन महिने बघू. वाढत्या वयात जातं आपोआप. मला वाटलं...”

“तू तिचे पाय धरले होतेस. आत्ता बघितलं मी. तुला सराव झालाय.”

“तिने कुठे आपटू नये म्हणून धरले.”

“आणि रात्री माझ्या शेजारी झोपायचास. मी विचारायचे, हल्ली ही अशी मध्येच टक लावून का बघत बसते, हाक मारली तरी ओ का देत नाही. तू म्हणायचास, विचार करते, माझ्यावर गेलीय.”

मास्तर सतरंजीची कड सरळ करायला लागला. अक्काला एरवी भावाची कणव आली असती. लहानपणापासून तो दोन बायकांच्या मध्ये सापडला की असाच मुका व्हायचा. आज तिला त्याची चीड आली. ती उठून चष्मेवालीच्या शेजारी जमिनीवर जाऊन बसली. माईने ते पाहिलं.

“हं. आता तू तिकडे,” माई म्हणाली.

“हो, इकडे.”

“वा. आयुष्यभर सुनेशी धड बोलली नाहीस आणि आज आईला पाडायला निघालीस.”

“तुला पाडायचं काय त्यात? माई, पोर तडफडत होती आणि तू दार लावा म्हणालीस.”

“बाहेर माणसं होती. आपली मुलं माझ्या भरवशावर टाकून जातात ती माणसं.”

“तेव्हाही बाहेर माणसंच होती,” अक्का म्हणाली.

मामा एकदम उठून उभा राहिला. “अक्के, तो विषय काढू नकोस.”

चष्मेवालीने एकाकडून दुसऱ्याकडे पाहिलं. “कुठला विषय?”

अक्काला कळलं की सात वर्षांत हिला कुणी सांगितलेलंच नाही. या घरात भिंतीवर धाकट्याचा फोटो नव्हता. त्याचं नाव कुणी बाळाला ठेवलं नाही, वाढदिवसाला काढलं नाही. जणू माईला दोनच मुलं झाली होती.

“आम्ही तिघं होतो,” अक्का म्हणाली. “मी, हा आणि एक धाकटा. त्याला फिट यायच्या. शाळेतून काढला, मागच्या खोलीत ठेवला. पाहुणे आले की त्याचं दार बंद. असाच एकदा पाहुण्यांसाठी बंद केला होता, न्हाणीत, आंघोळीच्या वेळी. फिट आली, पाण्याने भरलेल्या टबात तोंडावर पडला, बुडाला. कुणी गेलंच नाही बघायला. मी शाळेतून आले तर घरभर माणसं.”

“बास,” माई म्हणाली.

“दहा वर्षांचा होता गं तो, चष्मेवाले. आणि आज माझ्यासमोर तेच. तेच दार, तेच हात.”

“बास म्हटलं ना.” माईचा आवाज चढला नाही, पण खरखरीत झाला. ती एका छोट्या खुर्चीवर बसली, तशी ती खुर्ची तिच्याखाली दिसेनाशीच झाली. “तुम्हाला काय माहीत? तू शाळेत जात होतीस, तुझ्या मैत्रिणी होत्या. त्याला शाळेतून घरी पाठवलं ना, तेव्हा त्या बाईंनी त्याची पाटी माझ्या हातात दिली नाही. जमिनीवर ठेवली. मी उचलली. समोरच्यांनी आपल्या पोरांना आमच्या अंगणात खेळायला येऊ दिलं नाही. नळावर बायका घागरी उचलून बाजूला व्हायच्या. मी दार लावत होते ते कुणी त्याला बघून तोंड फिरवू नये म्हणून. आणि तो गेल्यावर याच लोकांची मुलं मी सांभाळली. पंचवीस वर्षं. एकाला ओरखडा येऊ दिला नाही. आता यांना कळलं की माईच्या घरातच हे आहे, तर उद्या या खोलीत एक पोर येणार नाही.”

अक्काला ती पाटी आठवत नव्हती. तिला कुणी सांगितलंच नव्हतं. क्षणभर तिचा राग कुठे टेकवावा तेच तिला कळेना.

चष्मेवालीला मात्र ते कळत होतं.

“तुमचं फार वाईट झालं, माई,” ती म्हणाली. “पण म्हणून माझी मुलगी तुम्ही लपवायची नाही.”

तिने फोन काढला आणि ठकूच्या डॉक्टरीणबाईंना लावला. रविवार असूनही त्यांनी उचलला. चष्मेवालीने आवाज मोठा केला, सगळ्यांना ऐकू जावा म्हणून, आणि घडलं ते सांगितलं. चमच्याचं आणि तुटलेल्या दाताचंही सांगितलं.

“तोंडात काहीही घालायचं नाही,” पलीकडचा आवाज म्हणाला. “चमचा नाही, बोट नाही, पाणी नाही. जीभ कुणी गिळत नसतं. दाताचा तुकडा सापडला का? तोंडात बघा, अंथरुणात बघा. तो श्वासनळीत गेला असता तर आपण वेगळं बोलत असतो. हातपाय दाबून धरायचे नाहीत. आजूबाजूचं टोकदार सामान दूर करा, डोक्याखाली मऊ काहीतरी द्या, कुशीवर वळवा, घड्याळ बघा. पाच मिनिटांत थांबली नाही, किंवा शुद्धीवर यायच्या आत परत आली, तर ताबडतोब मोठ्या दवाखान्यात. तसंही तिला आजच घेऊन जा. हे तिसऱ्यांदा आहे म्हणता आणि ताप नाही. मी तिथे कळवून ठेवते.”

“हल्लीचे डॉक्टर उगाच तपासण्या लावतात,” मामा पुटपुटला. “आमचे डॉक्टर तर...”

“मामा, दाताचा तुकडा शोधा,” अक्का म्हणाली. आगारात एखादी गाडी आडवी लागली की ती ज्या आवाजात बोलायची त्या आवाजात. म्हातारा गुडघ्यांवर बसून सतरंजी चाचपायला लागला. तुकडा चमच्याशेजारीच सापडला, तांदळाच्या कणीएवढा. त्याने तो तळहातावर घेतला आणि बघत राहिला.

तोवर ठकू जागी झाली होती. गुंगीतच होती, पण तिने आईला ओळखलं, ओठ दुखतो म्हणाली. मास्तर गाडीची किल्ली घेऊन आला. माई म्हणाली, “निदान पाहुणे जाऊ द्या. पाच मिनिटं थांबा. मागच्या दाराने गाडी काढ.”

“पुढूनच,” चष्मेवाली म्हणाली आणि मुलीला खांद्यावर टाकून बाहेर पडली.

पायऱ्या उतरल्या आणि ठकूची मान मागे गेली.

तिच्या आईने एक हुंदका गिळला तो अक्काला ऐकू आला. तिने मुलीला तिथेच अंगणातल्या फरशीवर टेकवलं, कुशीवर वळवलं. अक्काने अंगावरची शाल काढून घडी केली आणि डोक्याखाली सारली. झाडाची कुंडी होती ती पायाने दूर ढकलली. फाटकाशी उभी असलेली माणसं आत धावली आणि कुणीतरी पाणी, पाणी म्हणालं.

“पाणी नको. लांब उभे राहा, हवा येऊ द्या,” अक्का म्हणाली.

“धरा तिला कुणीतरी,” एक बाप म्हणाला.

“कुणी धरायचं नाही. फिट आहे, थांबेल.”

मास्तर सवयीने पायांकडे वाकला होता. चष्मेवालीने नुसतं त्याच्याकडे पाहिलं. तो मागे सरकला, मनगट डोळ्यांसमोर धरून घड्याळाकडे बघत बसला, आणि त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं. मामा दारात आला होता. त्याच्या हातात काही नव्हतं.

अशी वाट बघणं किती कठीण असतं ते अक्काला तेव्हा कळलं. पोरीचे हात उडताहेत, ओठ काळसर पडताहेत, आणि आपण काही करायचं नाही. तिला वाटलं, म्हणूनच लोक चमचे घालतात. काहीतरी केल्याशिवाय माणसाला राहवत नाही.

“तीन,” मास्तर म्हणाला. आणि थोड्या वेळाने, “थांबतंय. थांबतंय ना?”

थांबलं. गालांवर हळूहळू रंग आला. चष्मेवाली मुलीच्या पाठीवरून हात फिरवत होती, तुझी आई इथेच आहे, इथेच आहे म्हणत होती.

गर्दीत शिंपीणबाई होती. तिने आपल्या मुलीला कमरेशी धरलं होतं. “काय झालं हो माई?” तिने विचारलं. सगळे माईकडे बघायला लागले. माई पायरीवर उभी होती, तिचे ओठ हलले, पण चष्मेवालीनेच उत्तर दिलं.

“फिट येतात हिला. आधीही आल्या आहेत, इथेच. एकाचं दुसऱ्याला होत नाही ते. आणि तुमच्या मुलीने माझ्या मुलीला कधीच मारलं नव्हतं. मी तुम्हाला नको ते बोलले. उद्या सकाळी मी फाटकाशी उभी राहून प्रत्येकाला हे सांगणार आहे. ज्यांना मुलं न्यायची असतील त्यांनी न्यावीत.”

“बंद पडेल सगळं,” माई कुणालाच उद्देशून न बोलल्यासारखी म्हणाली.

“पडू दे,” चष्मेवाली म्हणाली.

गाडी निघता निघता माई येऊन मागच्या सीटवर बसली. तिला कुणी बोलावलं नव्हतं आणि उतर असंही कुणी म्हटलं नाही.

दवाखान्यात तरुण डॉक्टरने खूप प्रश्न विचारले. डोळे कुठल्या बाजूला जातात, आधी हात उडतो की पाय. बरीचशी उत्तरं आईबापांना देता आली नाहीत. मग त्याने विचारलं, “घरात आणखी कुणाला फिट यायच्या?”

“नाही,” मास्तर म्हणाला. तोंडातून निघूनच गेलं.

“माझ्या भावाला,” अक्का म्हणाली.

“किती वर्षांचे असताना सुरू झाल्या? कशा यायच्या?”

अक्काला ते सांगता येईना. डॉक्टर पेन धरून थांबला. आणि मागे भिंतीला टेकून उभी असलेली माई बोलायला लागली. चौथं लागलं होतं त्याला, म्हणाली. आधी टक लावून बसायचा, घास तोंडातच राहायचा. मग उजवा हात. मग सगळं अंग. जागरण झालं की जास्त. ठकूचंही तसंच होतं, उजवा हात आधी. तिने सगळं पाहिलं होतं. तिच्याइतकं कुणीच पाहिलं नव्हतं. डॉक्टर लिहीत राहिला, आणि चष्मेवाली सासूकडे एकटक बघत होती. त्या बघण्यात जराही नरमाई नव्हती.

डोक्याला तारा लावून मेंदूचा आलेख काढायचा होता, त्यासाठी दुसऱ्या दिवसाची वेळ मिळाली. औषध आजपासून. बाहेरच्या बाकावर सगळे बसले होते. ठकू आईच्या मांडीवर झोपली होती.

“अक्के,” माई हळूच म्हणाली. “कुठल्या कुशीवर?”

“काय?”

“वळवायचं ते. डावीकडे की उजवीकडे?”

“कुठल्याही. लाळ बाहेर यावी, श्वास मोकळा राहावा एवढंच.”

माईने मान हलवली. “त्याला आम्ही उताणाच धरायचो. चौघं चौघं.”

“हो,” अक्का म्हणाली. तुला कुठे माहीत होतं, असं काहीतरी तिच्या ओठांवर आलं होतं. ते तिने गिळलं. तिचा राग अजून गेला नव्हता आणि आज तो जावा असंही तिला वाटत नव्हतं.

औषधाच्या खिडकीवर नाव पुकारलं. चष्मेवाली उठली. अक्काने पोर घ्यायला हात पुढे केले.

“तुम्ही नको, अक्का,” ती म्हणाली. “तुम्ही संध्याकाळी आपल्या घरी जाल. मला परवा कामावर जायचंय, तेव्हा ही माईंकडेच असणार.” आणि तिने ठकूला माईच्या मांडीवर ठेवलं.

माईने तिला उताणी घेतली आणि लगेच थबकली. तिने पोरीच्या खांद्याखाली हात घातला, दुसरा कमरेखाली, आणि सावकाश तिला एका अंगावर वळवलं. चष्मेवाली जागची हलली नाही, वाकून बघत होती.

“डोकं जरा खाली घ्या,” ती म्हणाली. “तोंड झाकू नका. हं. असं.”

मग ती खिडकीकडे गेली.